मशीन थांबल्यावर

त्या दिवशी भिंगारच्या बाजारात महेंद्र घोडके हार घ्यायला थांबला, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. मार्च संपत आला होता, आणि ऊन आत्ताच अंगाला बोचायला लागलं होतं. फुलवालीनं झेंडूचा हार परडीतून उचलून झटकला आणि विचारलं, "गाडीला का फोटोला?"

"मशीनला," महेंद्र म्हणाला.

"आज कुठं दसरा हाय?"

तो नुसता हसला. हार पिशवीत घातला, पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि नगरच्या दिशेनं निघाला. चोवीस वर्षं तो याच रस्त्यानं कामाला जात होता. आज शेवटचं.

'पंचक्रोशी' हे संध्याकाळी निघणारं चार पानांचं दैनिक. बारापर्यंत पानं लागायची, दीडला मशीन सुरू व्हायचं आणि चारच्या सुमाराला अंक चौकाचौकात जायचा. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा पहिल्या पानावरच्या नावाच्या पट्टीत 'अहिल्यानगर' मावेना, म्हणून अक्षरं बारीक करावी लागली होती. त्यानंतर वर्षभरातच अंकाचा खप एवढा आटला की पट्टीकडे बघणारंही कुणी उरलं नाही. महेंद्र इथे साधा बातमीदार म्हणून लागला होता. माणसं कमी होत गेली तसं त्याचं पद वाढत गेलं. आज तो कार्यकारी संपादक होता आणि त्याच्या हाताखाली पाच माणसं होती.

अकरा वाजता मालक आले. प्रत्येकाला शाल आणि नारळ दिला, 'आपण एक कुटुंब होतो' असं दोनदा म्हणाले आणि दहा मिनिटांत गाडीत बसून गेले. मग पेढे झाले, वडापाव झाले. पोलिस ठाण्यांच्या आणि सरकारी दवाखान्याच्या बातम्या सांभाळणारा कल्याण बोलायला उभा राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणीतरी घाटातल्या अपघाताची खबर देत होतं. कल्याणनं सवयीनं वही ओढली, गाडीचा नंबर लिहिला, जखमींची नावं लिहिली... आणि त्याचं पेन थांबलं. "अहो, पण मी हे आता कुठं छापू?" तो फोनवरच्या माणसाला म्हणाला. मग त्यानं वही मिटली. भाषण न करताच तो खाली बसला.

बाराला पानं लागली. एकेक जण मिठी मारून, डोळे पुसून, 'भेटत राहू' म्हणत निघून गेला. राहिले तिघं. महेंद्र, बावीस वर्षं पानं लावणारी एलिझाबेथ पाटोळे आणि तळघरातलं मशीन चालवणारा बन्सी.

"सर, उद्यापासून तुमचं ठरलं ना?" पायऱ्या उतरताना एलिझाबेथनं विचारलं.

"ठरलंय. कॉलेजचं प्रसिद्धीचं काम. उद्या दहाला हजर व्हायचंय."

कॉलेज कुणाचं ते तिला माहीत होतं. ती पुढच्या पायऱ्या उतरू लागली.

तळघरात शाईचा आणि रॉकेलचा वास भरून राहिलेला असे. बन्सी तिथे तीस वर्षं होता. साठी ओलांडलेला, कृश, एका कानानं कमी ऐकू येणारा माणूस. मशीनची घरघर नसेल तेव्हा त्याचा रेडिओ मोठ्यानं लावलेला असे. त्यानं हार घेतला, मशीनच्या लोखंडी खांद्यावर घातला, हात जोडले आणि बटण दाबलं. बाराशे अंक छापून व्हायला फार वेळ लागला नाही. पहिल्या पानावर एलिझाबेथनं चार वेळा बदललेला मथळा होता: 'वाचकहो, निरोप द्या'.

अंक निघाले, गठ्ठे बांधून झाले. पण बन्सीनं मशीन बंद केलं नाही. छपाई झाल्यावरसुद्धा ते तसंच मोकळं फिरवायची त्याची जुनी खोड होती. विजेच्या बिलावरून मालक त्याला कितीदा बोलले होते. तो म्हणायचा, "रोलर पुसून घेतो," आणि पाच वाजता कुलूप लागेपर्यंत मशीन फिरत ठेवायचा.

"बन्सीभाऊ, आज मी बंद करते," एलिझाबेथ पुढे झाली. "शेवटचं."

"ताई, ऱ्हाऊ द्या अजून जरा."

"बास झालं, भाऊ. थकलंय तेही."

"न्हाई, ताई..." बन्सीनं हात आडवा घातला. तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या जिवाला लागलंय. तिनं हळूच तो हात बाजूला केला आणि लाल बटण दाबलं.

चाकं मंदावली. पट्टे एकदोनदा फडफडले. मग सगळं थांबलं.

तीस वर्षांत त्या तळघरानं अशी शांतता पाहिली नसेल. वर रस्त्यावरून रिक्षा गेली तीही लांबून गेल्यासारखी वाटली. महेंद्रला काहीतरी बोलावंसं वाटलं, आभाराचं, निरोपाचं. त्यानं घसा साफ केला.

टक्... टक्.

त्यानं मशीनकडे पाहिलं. तापलेलं लोखंड निवताना असा आवाज करतं, हे त्याला ठाऊक होतं.

टक्... टक्.

दोन ठोके. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा दोन. आवाज मशीनमधून येत नव्हता. तो पायांच्या खालून येत होता. शहाबादी फरशीच्या खालून, फार खालून, लोखंडावर दगड मारावा तसा. आणि शाईच्या वासातून दुसराच वास वर येत होता... ओल्या मुरुमाचा, आणि त्यात मिसळलेला सुरुंगाच्या दारूचा करपट वास.

"खाली काय आहे, भाऊ?" एलिझाबेथनं दबक्या आवाजात विचारलं.

बन्सी कागदाच्या रिळावर बसला होता. त्यानं दोन्ही कान हातांनी झाकले होते.

"खाली काय न्हाई, ताई. नुसती जिमीन हाय."

"मग हे..."

"मला इचारू नका. साहेबांना इचारा. त्यांला ठावं हाय."

महेंद्र एक पाऊल मागे सरला. कारण त्याला खरोखरच ठाऊक होतं. दोनदा वाजवण्याचा अर्थ काय, हे त्याला एका बाईनं सांगितलं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं ते लिहून घेतलं होतं.

दुष्काळाचं वर्ष होतं ते, अकरा वर्षांपूर्वीचं. पाथर्डी रस्त्याला, करंजी घाटाच्या अलीकडे एका वस्तीवर सरकारी योजनेतून विहीर खणायचं काम चाललं होतं. गोरक्ष नावाचा पंचविशीचा मजूर खाली उतरला होता. पन्नास फुटांवर कड ढासळली आणि तो गाडला गेला. ठेकेदारानं रातोरात जेसीबी लावून विहीर बुजवली. गोरक्ष उचल घेऊन पळून गेला, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. पाणी लागलं नाही म्हणून विहीर बुजवली, असं कागदावर आलं. गोरक्षची आई रतनबाई सगळीकडे फिरली आणि शेवटी 'पंचक्रोशी'त आली. महेंद्रच्या टेबलासमोर, खुर्चीवर न बसता, जमिनीवर बसली.

"खालून त्यो बकेटीवर दगड मारायचा, दादा," तिनं सांगितलं होतं. "दोनदा वाजीवलं की वर घ्या, असं ठरलेलं हुतं त्यांचं. वरचे म्हनत्यात, माती पडल्यावर बी वाजत हुतं. लई येळ वाजत हुतं. तुमी छापा. छापलं की सरकार उकरंल."

महेंद्रनं ती बातमी अशी लिहिली होती, की लिहिताना त्याचा हात थांबला नाही. पान लागलं, छपाईची पत्र्याची प्लेट तयार झाली, मशीनवर चढली. आणि मालकांचा फोन आला. ठेकेदार मालकांच्या जवळच्यांपैकी निघाला. अर्ध्या तासात प्लेट उतरली, आणि त्या जागी त्याच ठेकेदाराच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात चढली. महेंद्र तेव्हा उपसंपादक होता. त्यानं काही म्हटलं नाही. घरी गेला, जेवला, झोपला. तोच ठेकेदार आता शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष होता. त्याच्याच कॉलेजात महेंद्र उद्या दहाला हजर होणार होता.

"ती रोज यायची," बन्सी म्हणाला. त्याची नजर फरशीवर होती. "तुमच्याकडं न्हाई, साहेब. हितं, खाली. अंक निघायच्या टायमाला दारात हुभी ऱ्हायची. 'आलं का, भाऊ?' मी म्हनायचो, उद्या येईल. वरीसभर रोज मी तिला उद्या म्हनलो. मला काय माहीत, तिला खरं वाटत आसंल... मंग एक दिस आली न्हाई. वस्तीवरचा मानूस म्हनला, म्हातारी गेली. त्या दिसाला मशीन बंद केलं, आन् हे सुरू झालं."

टक्... टक्.

"दहा वर्षं?" एलिझाबेथ पुटपुटली. "दहा वर्षं तुम्ही हे..."

"म्हनून तर बंद करीत न्हवतो, ताई. मशीन फिरतंय तवर ऐकू येत न्हाई."

एलिझाबेथ भिंतीला टेकली. डोळे मिटून ती ओठातल्या ओठात प्रार्थना करू लागली. महेंद्र तसाच उभा राहिला. चपलेच्या तळव्यातून प्रत्येक ठोका त्याच्या पोटरीपर्यंत चढत होता. आता त्याला त्यातली घाईही कळायला लागली होती. आधी दोन ठोक्यांनंतर थांबणं व्हायचं. आता थांबणं कमी होत चाललं होतं. खाली जे कुणी होतं, त्याला वरचं मशीन थांबल्याचं कळलं होतं. वर माणसं उभी आहेत, ऐकत आहेत, हेही कळलं होतं.

"चला, वर चला," महेंद्र म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "कुलूप लावू. आपलं काम संपलं."

कुणीच हललं नाही.

"साहेब," बन्सी म्हणाला, "ती प्लेट हाय माझ्याकडं."

"कुठली प्लेट?"

बन्सी उठला. मशीनच्या मागे, जुन्या चिंध्यांच्या पेटीखालून त्यानं कागदात गुंडाळलेला पत्रा काढला. बाकीच्या प्लेटा महिन्याच्या महिन्याला भंगारात जायच्या. ही त्यानं खराब होऊ नये म्हणून गोंद लावून, पुसून, जपून ठेवली होती. कागद उलगडला तेव्हा पत्रा एवढा लखलखीत होता की वाटावं, सकाळीच तयार झालाय. त्यावर महेंद्रचे शब्द होते. कोपऱ्यात रतनबाईचा फोटो होता, आणि वर अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

"कागद किती उरलाय?" एलिझाबेथनं डोळे न उघडताच विचारलं.

"तीनशे अंक निघत्याल."

दोघांनी महेंद्रकडे पाहिलं. विक्रेते यायला वेळ होता. महेंद्रनं मनात सगळा हिशेब मांडला. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वय एकोणपन्नास. या वयात नगरसारख्या गावात पत्रकाराला दुसरं काम कोण देतं? आणि छापून तरी काय होणार? उद्या पेपरच असणार नव्हता. कुणी विचारायला आलं तर दाराला कुलूप असणार होतं.

पायाखाली आता थांबणं उरलंच नव्हतं. टक्टक्, टक्टक्, टक्टक्... फरशीवर सांडलेली कागदाची बारीक धूळ त्या तालावर थरथरत होती, आणि हे तिघांनाही दिसत होतं.

"चढवा," महेंद्र म्हणाला.

शेवटच्या पानाची प्लेट उतरवून बन्सीनं ही चढवली. साठी ओलांडलेल्या माणसाचे हात त्या वेळी तरण्यासारखे चालले. मशीन सुरू झालं. पहिला अंक बाहेर आला तो महेंद्रनं उचलला. शाई ओली होती, बोटांना लागली. त्यानं तो मोठ्यानं वाचला. का, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. मशीनच्या घरघरीत त्याचा आवाज त्यालासुद्धा ऐकू येत नव्हता, तरी त्यानं मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. गोरक्षचं पूर्ण नाव, वय, गाव, विहिरीची खोली, सगळं.

कागद संपला. या वेळी बन्सीनं स्वतः बटण दाबलं.

चाकं थांबली. तिघंही श्वास रोखून उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. काही नाही. करपट वासही विरला होता. बन्सी खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

ते तीनशे अंक गठ्ठ्यांत सगळ्यांत वर ठेवून त्यांनी पाठवून दिले. शेवटच्या पानावर जुनी तारीख बघून कित्येकांना छपाईची चूक वाटली. पण एलिझाबेथनं पानाचा फोटो मोबाईलवरून जमेल तिथं पाठवला होता. रात्री आठपर्यंत तो पाथर्डीपासून कोल्हारपर्यंत फिरला. साडेआठला महेंद्रला कॉलेजमधून फोन आला. "उद्या येऊ नका," एवढंच बोलून समोरच्या माणसानं फोन ठेवला. महेंद्रनं बायकोला सांगितलं. ती ताट वाढत म्हणाली, "आधी जेवून घ्या." अकरा वर्षांनी त्याला त्या रात्री स्वप्नाशिवाय झोप लागली.

पाथर्डीला तहसीलदार म्हणून नव्यानं आलेल्या बाईंनी ते पान वाचलं होतं. त्यांनी जुनी कागदपत्रं काढली, दोन मजुरांचे जबाब घेतले आणि विहीर उकरायचा आदेश दिला. वैशाखात काम सुरू झालं. महेंद्र, एलिझाबेथ आणि बन्सी तिघं चौथ्या दिवशी गेले. वस्तीवरची माणसं कडेनं गोळा झाली होती. भर दुपार होती आणि झाडाचं पान हलत नव्हतं. आधी जेसीबीनं, मग क्रेन लावून चार दिवस उकरल्यावर पन्नास फुटांवर गोरक्ष सापडला. बसलेल्या अवस्थेत होता. मांडीवर लोखंडी बकेट होती. बकेटीचा तळ एका जागी आत दबलेला होता, आणि दगड अजून त्याच्या बोटांच्या हाडांमध्ये होता.

हाडं कापडात बांधून वर घेतली. रतनबाईची बहीण भागिरथी पुढे झाली आणि तिनं गाठोडं पोटाशी धरलं. तिनं महेंद्रकडे बघून हात जोडले. तहसीलदार बाईंनी सगळी यंत्रं बंद करायला लावली. दोन मिनिटं सगळे मान खाली घालून उभे राहिले.

त्या शांततेत महेंद्रला ते ऐकू आलं.

तीन ठोके. मग थांबून पुन्हा तीन.

विहिरीतून नव्हे. ते उजव्या अंगानं येत होते, बांधापलीकडच्या सपाट रानातून. तिथे ज्वारीची धसकटं वाळत होती आणि एक शेळी चरत होती. त्यानं बन्सीकडे पाहिलं, तर बन्सीचा चेहरा राखेसारखा झाला होता. एलिझाबेथनं महेंद्रची बाही घट्ट धरली होती. बाकी कुणी मान वर केली नाही. दोन मिनिटं संपली, माणसं बोलू लागली, क्रेन पुन्हा गुरगुरायला लागली आणि ते बुडून गेलं.

गर्दी पांगायला लागली तशी एक बाई महेंद्रजवळ आली. चाळिशीची असावी. उन्हानं करपलेला चेहरा, कपाळ मोकळं. ती एवढा वेळ कुठे उभी होती ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"पेपरवाले तुमीच ना?"

"हो."

"माझं बी एक छापायचं हाय." तिनं बांधापलीकडे बोट केलं. "माझा नवरा तितं हाय."

महेंद्रनं त्या रानाकडे पाहिलं. "तिथे तर नुसतं रान आहे, बाई. तिथे विहीर नाही."

"आता न्हाई," ती म्हणाली. "हुती."

तिच्यामागे, चिंचेच्या सावलीत, आणखी चार-पाच बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणाशी काही न बोलता त्या त्याच्याकडे बघत होत्या, आपली पाळी यायची वाट बघत असल्यासारख्या.

"त्यो तीनदा वाजीवतो," बाई हळू आवाजात म्हणाली. "तुमचा पेपर उद्या कवा निघंल, दादा?"